घरात असेल त्यातलं

रात्रीचे साडेआठ वाजलेले, पाहुण्यांची गाडी उशिरा पोचलेली आणि भाजीच्या टोपलीत दोन कांदे, चार मिरच्या, सुकत चाललेली कोथिंबिरीची जुडी. अशा वेळी मराठी घरात हात आपोआप डाळीच्या पिठाच्या डब्याकडे जातो. तेलात मोहरी तडतडते, जिरं, हिंग, हळद, ठेचलेला लसूण, मिरची पडते, कांदा परतला जातो, पाण्याला आधण येतं आणि वीसेक मिनिटांत पानात पिठलं असतं. सोबत गरम भात, नाहीतर भाकरी. पाहुणे पोटभर जेवतात आणि वर आणखी एक पळी मागून घेतात.

पिठलं जमायला मात्र पिठाचा स्वभाव ठाऊक असावा लागतो. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात एकदम ओतलं की बाहेरचा थर लगेच शिजून चिकट होतो, आतलं पीठ कोरडंच अडकून पडतं आणि गुठळी होते. म्हणून काही घरांत पीठ आधी गार पाण्यात कालवून घेतात. काही घरांत ते पेरतात: एका हाताने पीठ चिमटीचिमटीने भुरभुरायचं, दुसऱ्या हाताने डाव फिरवत राहायचं, थांबायचं नाही. पेरलेल्या पिठल्यात थोड्या बारीक गुठळ्या राहतातच, आणि त्या मुद्दाम शोधून खाणारी माणसं प्रत्येक घरात असतात. नंतर आच मंद करून झाकण ठेवायचं. कच्च्या पिठाचा वास गेला आणि खमंग वास यायला लागला की पिठलं झालं. तळाशी धरलेल्या खरपुडीवर पोरांची भांडणं व्हायची ती उगाच नाही.

याच एका डब्यातून निव्वळ पाणी कमीजास्त करून किती पदार्थ निघतात ते पाहण्यासारखं आहे. वाटीभर पिठाला तीन-साडेतीन वाट्या पाणी घातलं तर पळीवाढं पिठलं. दीड-दोन वाट्यांत शिजवलं तर घट्ट गोळा होतो. तो तेल लावलेल्या थाळीत थापला, वर खोबरं-कोथिंबीर पसरून कापला की पाटवड्या. कांदा भरपूर घेऊन पाण्याचा नुसता हबका मारला तर झुणका. दोन चमचे पीठ ताकात घुसळलं तर कढी, आणि उकळताना ताक फुटत नाही ते त्या दोन चमच्यांमुळेच. खानदेशात आणि विदर्भात दाटसर भिजवलेलं पीठ उकळत्या रश्श्यात थोडं थोडं सोडतात, त्या डुबुकवड्या. भाजीवाला आठ दिवस फिरकला नाही तरी या घरांचं अडत नाही.

खरं पाहता हा ऐनवेळचा स्वयंपाक ऐनवेळी होतो तो अर्धाच. उरलेला अर्धा आधीच, चैत्र-वैशाखाच्या उन्हात होऊन गेलेला असतो. गच्चीवर जुन्या पातळावर घातलेले सांडगे, कुरडया, पापड, मीठ लावून वाळवलेल्या गवारीच्या शेंगा, ताकात मुरवून वाळवलेल्या मिरच्या, कडकडीत उन्हं लागलेली मेथीची पानं. डाळी भिजवून भरड वाटायच्या, त्यात मिरची, जिरं, हिंग घालायचं आणि बोरांएवढे गोळे चिमटीने तोडत कापडावर ओळीने घालत जायचं. चार-पाच उन्हं खाऊन ते दगडासारखे टणक झाले की डब्यात. श्रावणात बाहेर संततधार लागलेली असताना मूठभर सांडगे तेलात लालसर परतायचे, कांदा, तिखट आणि गरम पाणी घालून शिजू द्यायचे. तेच सांडगे रस पिऊन मऊ होतात आणि भाकरीबरोबर भाजी तयार. ती भाजी करणारीला दहा मिनिटं लागतात. त्यामागे मे महिन्यातल्या दोन-तीन दुपारी आणि दोन-तीन बायकांची कंबर असते, हे जेवणाऱ्यांनी ध्यानात ठेवायला हवं.

भाजणीचंही तसंच. बाजरी, ज्वारी, तांदूळ, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे, जिरं. घरागणिक यादी थोडी बदलते. पण प्रत्येक धान्य वेगवेगळं भाजायचं हा नेम बदलत नाही, कारण उडीद लाल व्हायला लागतो तेव्हा हरभऱ्याची डाळ अजून कच्चीच असते. भाजल्याने दाण्यातला ओलावा जातो, म्हणून पीठ टिकतं. आणि चव तर भाजण्यातूनच येते. मराठवाड्यातलं येसर याच घराण्यातलं. धान्यं, डाळी आणि मसाले भाजून केलेली ही पूड पाण्यात कालवून फोडणीच्या उकळत्या पाण्यात ओतली की आमटी होते. डाळ शिजायची वाट पाहावी लागत नाही, वेगळा मसाला वाटावा लागत नाही. शेतावरून उशिरा परतणाऱ्या घरात याहून शहाणा डबा दुसरा नसेल. मेतकुटाला तर आचही लागत नाही: गरम मऊ भात, तूप, मीठ आणि वर चमचाभर मेतकूट. आजारातून उठलेल्या माणसाची भूक याच घासावर परत येते.

किनाऱ्यावर ही तजवीज आणखी नेमाने करावी लागते. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनला पावसाळी मासेमारीबंदी सुरू होते आणि पुढचे दोन महिने यांत्रिक बोटी धक्क्याला लागतात. त्याआधीच सुके बोंबील, जवळा, सुकट, सोडे घरात आलेले असतात. गोव्यात या पावसाळी साठवणीला पुरुमेंत म्हणतात आणि मे महिन्यात मडगावला त्याचं फेस्तच भरतं. सुकी मासळी, मिरच्या, सोलं यांची खरेदी तिथे होते. मग आषाढात मूठभर सोडे भिजवून खिचडीत घातले की साध्या डाळतांदळाचं रूपच पालटतं. शाकाहारी दिवशी कुळथाची पिठी असते. कुळीथ भाजून दळलेलं पीठ, लसणाची फोडणी, दोन आमसुलं, आणि खाली लाल तांदळाचा भात. फणसाच्या दिवसांत राखेत किंवा मातीत घोळवून ठेवलेल्या आठळ्याही अशा वेळी रश्श्यात पडतात.

असेल त्यात भागवण्याचं कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. डब्यात काहीतरी असावं लागतं. १९७२च्या दुष्काळात कित्येक घरांतले डबे खडखडीत रिकामे होते. रेशनवर मिलो नावाची तांबडी परदेशी ज्वारी आली, खडी फोडण्याच्या दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. ज्यांनी तेव्हा मिलोच्या भाकऱ्या थापल्या त्यांच्यापुढे 'काही नसताना केलेल्या' स्वयंपाकाच्या गमती सांगू नयेत. ती पिढी आजही ताटात अन्न टाकू देत नाही, पोळीचा तुकडा पडला तर उचलून कपाळाला लावते. त्यांच्या घरात दळणाचा डबा अर्ध्यावर आला की लगेच गिरणीची आठवण होते.

पुढे २०२० साली २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. श्रीखंडाला चक्का आणायला बाहेर पडायचं कसं, या प्रश्नाचं उत्तर कित्येक घरांत हरभऱ्याच्या डाळीच्या बरणीत सापडलं. डाळ, गूळ आणि कणीक एवढ्यावर पुरणपोळी होते. शिजलेल्या डाळीचं निथळलेलं पाणी टाकून न देता त्यात चिंच, काळा मसाला आणि खोबरं घातलं की कटाची आमटी होते. म्हणजे एका डाळीत सण आणि त्याचं तिखट तोंडीलावणं, दोन्ही. त्याच आठवड्यांत शहरातल्या पुष्कळ तरुण घरांनी दोडक्याच्या शिरा पहिल्यांदा कचऱ्यात न टाकता तव्यावर टाकल्या. थोड्या तेलात त्या कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या, मग तीळ, सुकं खोबरं, लाल मिरच्या भाजून घ्यायच्या आणि मीठ घालून सगळं जाडसर कुटायचं. दुधीच्या सालीची, शेपूच्या कोवळ्या देठांची अशीच चटणी होते. आज्यांना यात नवल वाटलं नसेल.

अशा अदलाबदलीमागे एक पक्की समज असते. आमटी-भाजीला फोडणी हवी, आंबट काहीतरी हवं, रस अंगासरशी धरून ठेवणारं काहीतरी हवं आणि गुळाचा खडा हवा. आंबटाच्या जागी कोकणात आमसूल येतं, देशावर चिंच, उन्हाळ्यात कैरी, आणि यातलं काहीच नसेल तर टोमॅटो किंवा ताक. दाटपणाला ओला नारळ नसेल तर सुकं खोबरं, ते नसेल तर दाण्याचं कूट, तेही संपलं असेल तर चमचाभर भाजलेलं डाळीचं पीठ. कूट घातल्यावर मात्र तिखट जरा वाढवावं लागतं, कारण दाण्याचं तेल तिखटाची धार बोथट करतं. हे कुठे वाचून कळत नाही, चाखूनच कळतं.

तरीही पुस्तकांनी मदत केली आहे. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि त्यातली मापं वाटी-चमच्याची होती. घरातली कुठलीही वाटी घ्यावी, पीठ आणि पाणी त्याच वाटीने मोजावं, पदार्थ बिघडत नाही. तराजूशिवाय स्वयंपाक शिकवणाऱ्या या मापाने नवख्या हातांना धीर दिला. वाटीला वाटी हे प्रमाण एकदा बोटांत भिनलं की नोकरीसाठी परगावी गेलेला मुलगाही एका कढईत आणि एका वाटीत दोन वेळचं निभावून नेतो.

आणि त्याने ते निभावलं पाहिजे. आयत्या पाकिटात गरम पाणी ओतून भूक भागते, पण पाकीट उघडणाऱ्याला उद्यासाठी काही कळत नाही. मुलांना पहिल्यांदा चकोल्या शिकवाव्यात. वरण उरलेलं असतंच. ते पाणी घालून नेहमीपेक्षा पातळ करायचं, फोडणी, गोडा मसाला, आमसूल, गूळ घालून खळखळ उकळायचं. कणकेची पोळी लाटून तिचे शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापायचे आणि एकेक करून उकळीत सोडायचे. सगळे एकदम टाकले तर त्यांचा एक गोळा होतो. तुकडे शिजताना त्यांचं पीठ आमटीत उतरतं, ती दाट होते, म्हणून सुरुवातीला पातळच हवी. वरून तूप. एका भांड्यात पूर्ण जेवण, घासायलाही एकच भांडं.

शिळ्याचे नियमही त्याच वेळी सांगून टाकावेत. फोडणीच्या भाताला कालचाच भात लागतो, कारण गार झाल्यावर भातातलं पिष्ट घट्ट होतं आणि शितं मोकळी राहतात. ताज्या भाताचा लगदा होतो. पण तो भात रात्रभर ओट्यावर राहिलेला नको, निवल्याबरोबर फ्रिजमध्ये गेलेला हवा, नाहीतर पोट बिघडवणारे जिवाणू त्यात वाढतात आणि पुन्हा गरम केल्याने त्यांचं विष जात नाही. शिळी पोळी कुस्करून कांद्याच्या फोडणीवर परतली, पाण्याचा शिपका देऊन झाकली की सकाळची न्याहारी होते. तीच पोळी बारीक करून गूळ-तुपात वळली की शाळेच्या डब्यातला लाडू होतो.

परदेशातल्या मराठी घरांत भाजणी सामानातून जाते आणि कधीतरी संपते. मग ज्वारीचं पीठ, डाळीचं पीठ, थोडी कणीक, थोडं तांदळाचं पीठ तव्यावर कोरडंच भाजून घेतात, धणे-जिऱ्याची पूड, तीळ, ओवा, बारीक कांदा घालून मळतात. ज्वारीत चिकटा नसतो म्हणून गोळा थापताना कडा फाटतात. कोमट पाण्याने मळला आणि ओल्या कापडावर थापला तर तो एकसंध राहतो. तव्यावर टाकायचं, बोटाने मधोमध आणि बाजूने भोकं पाडायची, त्यांत तेल सोडायचं, झाकण ठेवायचं. असल्या थालीपिठाला भाजणीचा खमंगपणा पुरता येत नाही, तरी भूक भागते आणि दुसऱ्या थालीपिठाला हात जातो. लोणी नसेल तर दही, दही नसेल तर लोणच्याचा खार. आणि पुण्याहून कोणी यायला निघालं की फोनवर पहिली मागणी दोन किलो भाजणीची असते.