दोन दाण्यांची गोधडी

शब्द शिकवून पोट भरणारा मी. पण माणदेशातल्या आमच्या माळावर पसरलेल्या, चिमुकल्या तांबड्या फुलांच्या साऱ्या रोपट्यांना आजवर ‘गवत’च म्हणत आलो. गेल्या भाद्रपदात आईला गावी नेले. तिची नजर आता गेली आहे. दोन डहाळ्या तिच्या हाती दिल्या. तिने बोटांनी चाचपल्या.

“पान रुंद, शेंगेत दोन दाणे. ही गोधडी. अन् ही अरुंद पानाची, मण्याएवढ्या फळात एकच दाणा. ही पांढरफळी.”

दोन्ही निळीच्या कुळातल्या!

“दुष्काळात ह्याच दाण्यांच्या पिठाची भाकरी करायचे, असं माझी आजी सांगायची.”

मी गप्प. हे कोणत्याच वर्गात शिकलो नव्हतो.

“लिहून घेतलंस ना रे?” तिने विचारले.