टोपीवाला उंदीर आणि शेपटीवाला उंदीर

दिवाळीच्या सुट्टीत नात घरी आली, की म्हाताऱ्या माणसाची दुपारची झोप आणि आयुष्यभराची मते ही दोन्ही धोक्यात येतात. परवा अंगणात किल्ल्याची माती मळता मळता आमच्या दहा वर्षांच्या नातीने मला विचारले, "आजोबा, रीपिचीप गर्विष्ठ आहे की शूर?"

रीपिचीप हा तिच्या वर्गातला कोणी पारशी मुलगा असावा, असे मला वाटले. चौकशीअंती कळले, की तो उंदीर आहे.

ऑक्सफर्डमध्ये शिकवणाऱ्या सी. एस. लुईस यांनी नार्निया नावाच्या एका अद्भुत देशाच्या सात कथा लिहिल्या. त्या १९५० ते १९५६ या काळात दरवर्षी एक अशा निघाल्या. त्या देशात प्राणी बोलतात आणि हा उंदीर तर कमरेला तलवार लावून हिंडतो. उंची फार तर दोन फूट. पण ताठा ताडाएवढा. 'प्रिन्स कॅस्पियन' या पुस्तकात एका लढाईत त्याची शेपटी तुटते. जखमा औषधाने बऱ्या होतात, शेपटी मात्र येत नाही. तेव्हा हा वीर वनराज अ‍ॅस्लनपुढे उभा राहून शेपटी परत मागतो. सिंह त्याला विचारतो, तुला शेपटी हवी कशाला? आणि वर सुनावतो, की तू आपल्या मानाचा जरा जास्तच विचार करतोस.

"मग दिली की नाही?" मी विचारले.

"दिली. पण का दिली ते सांगा ना आधी, ओळखा!"

मला ओळखता आले नाही. संध्याकाळी मी ते पुस्तक चष्मा लावून वाचले, आणि त्यापाठोपाठ पुढचेही.

इंग्रजीत या सगळ्याला एकच शब्द आहे. आपल्याकडे तो बाजार केवढा! अभिमान, स्वाभिमान, गर्व, ताठा, तोरा, गुर्मी, मिजास, बाणा. स्वतःचा तो बाणा आणि शेजाऱ्याची ती गुर्मी, एवढे व्याकरण आपल्याला जन्मतःच अवगत असते. पण एवढे शब्द असूनही आपला नेमका कोणता, हे ऐन वेळी कळत नाही.

गर्विष्ठ उंदीर आपल्यालाही नवा नाही. त्या टोपीवाल्या उंदराची गोष्ट कोणत्या मराठी मुलाने ऐकलेली नाही? त्याला चिंधी सापडते. धोब्याकडून ती धुवून, रंगाऱ्याकडून रंगवून, शिंप्याकडून गोंड्यांची टोपी शिवून तो ढोलके बडवीत राजवाड्यापुढे जातो. राजापेक्षा माझी टोपी छान, हे त्याचे म्हणणे. राजाने टोपी काढून घेतली, तर राजा भिकारी. परत दिली, तर राजा भ्याला. लहानपणी मला हा उंदीर फार आवडे. कोणत्याही परिस्थितीत आपणच जिंकलो असे मानण्याची त्याची हातोटी मला अजूनही थक्क करते. मोठमोठ्या माणसांत मी ती पाहिली आहे. पण राजा वजा केला, की त्या टोपीची पुन्हा चिंधी होते. ढोलके वाजवायचे कोणापुढे?

लुईस यांनी नेमके हेच एका वेगळ्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. १९५२ साली निघालेल्या 'मिअर ख्रिश्चॅनिटी'त त्यांनी गर्वाला सर्वांत मोठे पाप ठरवले. गर्वाला स्वतःजवळ काही असण्याचे सुख नसते, दुसऱ्यापेक्षा जास्त असण्याचे असते, असा त्यांचा रोख आहे. आणि याच माणसाने त्याच्या आदल्या वर्षी उंदराला शेपटी परत देवविली होती! धर्मावर लिहिताना एक आणि गोष्ट लिहिताना दुसरे, असे म्हणून मी त्यांना सोडून दिले असते. परंतु त्या रात्री झोप आली नाही. त्याचे कारण लुईस नव्हते.

अकरा वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचे लग्न झाले. मी मुलीचा सख्खा मामा. मामाने मुलीला बोहल्यावर आणायचे, अष्टपुत्री नेसवायची, मंगलाष्टके चालू असताना तिच्या पाठीशी उभे राहायचे. पिवळी साडी मी स्वतः निवडली होती. गाडी अडीच तास उशिरा पोहोचली. मुहूर्त थोडाच कोणासाठी थांबतो! मी कार्यालयात शिरलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि भाचीमागे आमचा एक चुलतभाऊ हार घालून उभा होता. चूक कोणाचीच नव्हती. पण बहीण धावपळीत नुसते "आलास का दादा, जेवून घे" म्हणाली आणि पुढे गेली. ते 'जेवून घे' मला झोंबले. मी पिशवीतली साडी पिशवीतच ठेवून न जेवता परतलो. तेव्हापासून भाऊबीज नाही. याला मी आजवर स्वाभिमान म्हणत आलो.

आता शेपटीचे सांगतो. सिंहाने नकारार्थी सूर लावला तेव्हा रीपिचीपच्या मागे उभे असलेले सगळे उंदीर तलवारी उपसून उभे राहिले. सिंहाने कारण विचारले. नायकाला जो मान नाही तो आम्हांला नको. त्याला शेपटी मिळत नसेल तर आम्हीही आमच्या कापून टाकतो, असे त्यांचे उत्तर. मग सिंह विरघळला. शेपटी मिळाली ती उंदराच्या मानासाठी नव्हे, त्याच्या लोकांच्या मायेसाठी, आणि फार पूर्वी उंदरांनी त्या सिंहाची बंधने कुरतडली होती त्या उपकारासाठी.

हे वाचताना एकदम आठवले, की त्या दिवशी कार्यालयातून मी एकटाच उठलो नव्हतो. हीही उठली होती. नणंदेवर तिचा फार जीव. तिने एक शब्द काढला नाही, पानावर बसली होती ती उठली आणि माझ्यामागे चालू लागली. मी समजलो, की तिला माझे पटले. अकरा वर्षे मी तसेच समजत होतो.

लुईस यांचे मित्र टॉल्किन यांच्या १९५४ सालच्या 'द टू टॉवर्स'मध्ये अ‍ॅरागॉर्नसारखा थोर वीरही एका राजाच्या दारात तलवार खाली ठेवायला अडून बसतो, हे मला नातीने सांगितले. शेवटी तो ती भिंतीला टेकवून ठेवतो, पण कोणी हात लावायचा नाही अशी ताकीद देऊन. मला बरे वाटले. मोठ्या माणसांनाही जरा वेळ लागतो.

उंदराची खरी परीक्षा मात्र दुसऱ्या पुस्तकात, जहाजावर. युस्टस नावाचा एक कुरकुऱ्या मुलगा त्याची शेपटी धरून त्याला गरगरा फिरवतो. उंदीर द्वंद्वाचे आव्हान देतो, माफी मागायला लावतो; यात नवल नाही. पण पुढे तोच युस्टस लोभापायी एका बेटावर अजगरासारखा अक्राळविक्राळ ड्रॅगन होऊन बसतो, आणि रात्री एकटा रडू लागतो. तेव्हा त्याच्याजवळ जाऊन कोण बसतो? ज्याची शेपटी ओढली होती तोच. मोठमोठ्यांवर कशी संकटे आली आणि ते कसे सावरले, याच्या गोष्टी तो त्याला सांगत राहतो. टोपीवाला उंदीर तिथे गेला नसता. गेला असता तर ढोलके घेऊन.

"मग गर्विष्ठ की शूर?" सकाळी नातीने पुन्हा धरले.

"आधी गर्विष्ठ असल्याशिवाय तो तिथे जाऊन बसला याला किंमत नाही," मी म्हणालो. हे उत्तर तिला पसंत पडले नाही. मलाही पुरते पडलेले नाही.

दुपारी मी एस.टी.ची दोन तिकिटे काढून आणली, भाऊबिजेच्या आदल्या दिवशीची. हिने ती उलटीपालटी करून पाहिली आणि विचारले, "कळवलंत का?"

"तू कळव ना," मी म्हणालो.

"अहो, फोन तुम्हीच करायचा," ती म्हणाली आणि आत गेली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो हाच. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन पाहतो, तर अंगणातल्या दोरीवर ती पिवळी साडी वाऱ्याला घातलेली. घड्यांच्या जागी रंग थोडा विटला होता.

मी चष्मा पुसला आणि नंबर फिरवला. तिकडे घंटा वाजत होती.