गाडी माझी, नोंदवही कुणाची?

सांगलीत आमच्याकडे ओम्नी होती. तिची कुंडली बाबांना तोंडपाठ: ऑइल कधी बदललं, पंक्चर कुठे झाली, डावा दरवाजा कुणी ठोकला. न्यू जर्सीत एडिसनला आल्यावर मी पहिल्यांदा स्वतःच्या नावावर गाडी घेतली, तीही सेकंडहँड, आणि लक्षात आलं की इथे गाडीच आपली कुंडली मांडून बसलेली असते.

सुरुवात मॅन्युअलपासून झाली. ते कुणी वाचत नाही म्हणतात. मी प्रेशर कुकरचंही वाचते. त्यात एक परिच्छेद होता: या गाडीत ‘इव्हेंट डेटा रेकॉर्डर’ बसवलेला आहे. ब्लॅक बॉक्स विमानात असतो एवढंच माझं ज्ञान. भाजी आणायच्या गाडीत तो कशाला? मनात पहिली शंका आली ती ही, की आम्ही नवरा-बायको गाडीत जे काही बोलतो ते कुणी ऐकतंय की काय!

खालच्या मजल्यावरच्या काकांची हयात इथल्या गॅरेजांत गेली. त्यांना गाठलं. “अगं, भांडणं ऐकायला त्याला कान नाहीत,” ते हसून म्हणाले. मग त्यांनी समजावून सांगितलं. हा प्रकार एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्येच असतो, बहुधा पुढच्या दोन सीटांच्या मधल्या भागात. एरवी तो काही जपून ठेवत नाही. टक्कर झाली की मात्र आधीच्या पाच सेकंदांतला वेग, ब्रेक दाबला होता का, ॲक्सिलरेटरवर पाय किती होता, पट्टा लावला होता का, एअरबॅग किती वेळात उघडली, हे धरून ठेवतो. आवाज नाही, ठिकाण नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकी सरकारने नियम बदलला. त्यानुसार पुढच्या गाड्यांत पाचाचे वीस सेकंद व्हायचे आहेत.

“बंद करता येतो का?”

“नाही.”

“मग त्यातली माहिती कुणाची?”

“तुझी,” काका म्हणाले. मला खरं वाटेना. पण २०१५ चा ‘ड्रायव्हर प्रायव्हसी ॲक्ट’ तसंच सांगतो: रेकॉर्डरमधली माहिती गाडीच्या मालकाची, गाडी लीजवर असेल तर ती घेणाऱ्याची. कोर्टाचा हुकूम, मालकाची संमती, जखमीला तातडीची मदत, सरकारी सुरक्षा तपास, नाव-गाव वगळून केलेलं संशोधन, अशा मोजक्या कारणांखेरीज ती कुणी काढू शकत नाही. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात विमा एजंटाने फोनवर सवलतीचं गाजर दाखवलं आणि पोस्टाने एक छोटा डबा आला. स्टिअरिंगखाली, गुडघ्याजवळ, सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या कारमध्ये ते असावंच लागतं, मुळात प्रदूषणाची यंत्रणा नीट चालते का हे तपासण्यासाठी. मोबाइलचा टॉर्च दातांत धरून मी वाकले, डबा त्यात दाबून बसवला, निळा दिवा लागला. आता मी किती मैल गेले, किती वाजता गेले, किती वेळा कचकन ब्रेक मारला, सगळं विमा कंपनीकडे जायला लागलं. आपल्याकडे जशी गुरं, तशी इथे रस्त्यात हरणं येतात. एका संध्याकाळी एक आडवं आलं. मी ब्रेक मारला. हरीण वाचलं, मी वाचले आणि डबा वाजला: टीं! त्याच्या लेखी मी बेदरकार. हरीण लिहायला त्याच्याकडे रकानाच नव्हता.

तिसरी गंमत स्क्रीनची. ब्लूटूथ जोडायला गेले, तर यादीत आधीच्या मालकाचा फोन. त्याची अख्खी फोनबुक. त्यात ‘मॉम’, त्यात दातांचा डॉक्टर. नेव्हिगेशनमध्ये ‘होम’. त्यावर बोट ठेवलं असतं तर गाडीने मला थेट त्या माणसाच्या दारात नेऊन उभं केलं असतं. मी ते सगळं पुसून टाकलं.

“अगं, हे तर काहीच नाही,” काका म्हणाले. “नव्या गाड्यांत सिम असतं.” सिम म्हणजे गाडी परस्पर कंपनीशी बोलणार. मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने सिएटलजवळच्या एका शेव्हरोले चालकाची हकिकत छापली होती. विम्याचा हप्ता वाढला म्हणून त्याने ‘लेक्सिसनेक्सिस’ या माहिती विकणाऱ्या कंपनीकडून स्वतःचा अहवाल मागवला. तो निघाला २५८ पानांचा. त्यात निम्म्याहून जास्त पानांवर सहा महिन्यांतल्या त्याच्या आणि बायकोच्या फेऱ्या: कधी निघाले, कधी पोचले, किती वेळा जोरात ब्रेक लावला. माहिती पुरवली होती गाडी बनवणाऱ्या जनरल मोटर्सने. जानेवारी २०२५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने या कंपनीवर कारवाई जाहीर केली. ठिकाणाची नोंद दर तीन सेकंदांनीही घेतली जात होती, असं कमिशनच्या तक्रारीत होतं. अशी माहिती अहवाल बनवणाऱ्या कंपन्यांना पाच वर्षं द्यायची नाही, असं ठरलं.

म्हणजे हिशेब असा, की सगळ्यात कमी लिहिणाऱ्या ब्लॅक बॉक्सवर कायद्याचा पहारा सगळ्यात कडक, आणि रोजचं पान भरणाऱ्या यंत्राला स्क्रीनवरच्या ‘आय ॲग्री’च्या एका बटणावर मोकळं रान. ब्लॅक बॉक्सला घाबरायचं कारण नाही. जपायचं ते बटणाला.

तेव्हा गाडी विकताना स्क्रीनवरचा फॅक्टरी रीसेट करा आणि कंपनीच्या ॲपमधून गाडी काढून टाका. अमेरिकेत असाल तर आपला अहवाल मागवून बघा, तो फुकट मिळतो. सिमवाल्या गाड्या आता पुण्या-मुंबईतही धावतात, आणि दिलेली संमती मागे घ्यायची तरतूद भारताच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात आहे. चावी घेण्याआधी शोरूमवाल्याला सरळ विचारा: ही गाडी काय काय लिहून ठेवते, आणि ते कुणाला वाचून दाखवते? उत्तर मिळेपर्यंत ‘आय ॲग्री’ दाबू नका.