गाबाची गोळी

अमेरिकेहून आलेल्या मित्राने या वेळी चॉकलेटं नाही आणली. गोळ्यांची बाटली आणली. वर लिहिलेलं, 'गाबा'. "रिलीजच्या आधी घेत जा, मस्त झोप लागेल." महिनाभर रात्री तीनला दचकून उठत होतो, त्यामुळे पडत्या फळाची आज्ञा!

आणि खरंच लागली की झोप. बाबांना फोनवर कौतुकाने सांगितलं, तर म्हणाले, "मग माझ्या अल्प्राझोलामऐवजी हीच पाठव ना. नैसर्गिक आहे म्हणतोस." मीही "हो, पाठवतो" म्हणून मोकळा झालो.

वाचायला बसलो तेव्हा शनिवार उजाडला होता. (एरवी टेस्ट केल्याशिवाय एक ओळ प्रॉडक्शनवर टाकत नाही.)

तर गाबा म्हणजे गॅमा-अमिनोब्युटिरिक ॲसिड. ते मेंदूत असतं हे १९५० साली कळलं. गंमत म्हणजे मेंदू ते ग्लुटामेटपासून बनवतो, आणि ग्लुटामेट म्हणजे तर मेंदूतला मुख्य उत्तेजक. एक एन्झाइम, सोबत ब-६ जीवनसत्त्व, त्यातून कार्बन डायऑक्साइड काढला की ॲक्सिलरेटरचा चक्क ब्रेक होतो! हा गाबा पुढच्या पेशीच्या रिसेप्टरला चिकटला की दार उघडतं, ऋण भाराचे क्लोराइड आयन आत शिरतात आणि पेशी सहजासहजी 'फायर' होत नाही.

पण हे सगळं मेंदूत बनलेल्या गाबाचं. रक्त आणि मेंदूच्या मधे एक फायरवॉल आहे आणि रक्तातला गाबा ती फारसा ओलांडत नाही. पोटातल्या नसांमार्फत काही निरोप वर जात असेल असं काहीजण म्हणतात, पण त्यावर अजून वाद आहेत. मग मला झोप कशी लागली? आठवून पाहिलं. गोळी घेतली की मी साडेदहाला लॅपटॉप बंद करत होतो. असो.

बाबांची गोळी मात्र फायरवॉल आरामात ओलांडते. गाबाच्याच रिसेप्टरवर शेजारच्या जागी बसून खऱ्या गाबाचा जोर वाढवते. वर्षानुवर्षं घेतली की मेंदू तिला सरावतो. मग एकदम बंद केली तर घबराट, थरथर, कधी कधी फिट्ससुद्धा.

हे वाचलं आणि तसाच फोन लावला.

"बाबा, गोळी घेताय ना?"

"अरे, तू पाठवणार म्हणालास, म्हणून परवापासून बंदच केली. हात जरा थरथरतात, पण वय झालं आता."

मी काही बोललोच नाही. फोन ठेवून आधी त्यांच्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी गोळी लगेच पुन्हा सुरू करायला लावली. कमी करायची तर हळूहळू, माझ्या देखरेखीखाली, म्हणाले. मलाही चार शब्द ऐकवले, ते इथे लिहीत नाही.

बाबा अजून विचारतात, "तुझी ती अमेरिकन गोळी कधी पाठवतोयस?"