दुसरी बाजू

ज्या बोलपटांची कीर्ती आपण बाळपणापासून ऐकत आलो, ते प्रौढ वयात पाहावयास बसताना मन काहीसे साशंक असते. अशी कीर्ती पुष्कळदा त्या कृतीची नसून आपल्या वडीलधाऱ्यांच्या तारुण्याची असते. गेल्या पावसाळ्यात 'प्रभात'चे 'संत तुकाराम' व 'कुंकू' हे दोन चित्रपट आम्ही लागोपाठच्या दोन रात्री घरीच पाहिले, तेव्हा ही शंका आमच्या मनात होतीच. पहिल्या चित्रपटाने ती तत्काळ घालविली. दुसऱ्याने मात्र तिच्या जागी एक निराळीच अस्वस्थता आणून बसविली, आणि खरे पाहता तिच्याच पायी हे चार शब्द लिहावयास आम्ही बसलो आहोत.

'संत तुकाराम' १९३६ सालचा. १९२९ साली कोल्हापुरात निघालेल्या प्रभात कंपनीस पुण्यात येऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती. दिग्दर्शक विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल हे दोघेही बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. एकाचे लक्ष ध्वनीवर, दुसऱ्याचे देखाव्यांवर. दोघांनाही मिरविण्याची हौस नसावी, असे त्यांचे काम पाहून वाटते. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला, हे सर्वश्रुत आहे. विष्णुपंत पागनीस पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. त्या सवयीतले मार्दव त्यांच्या तुकोबांत उतरले आहे, आणि ते मुळीच विशोभित दिसत नाही. शांताराम आठवले यांनी या चित्रपटाकरिता रचलेला एक अभंग तुकोबांचाच म्हणून लोकांच्या तोंडी बसला. कवीच्या वाट्यास याहून मोठा सन्मान क्वचितच येत असेल, मग त्यात त्याचे नाव बुडाले तरी बुडो.

परंतु चित्रपट संपल्यावर आमच्या मनात राहिली ती जिजाई. गौरी ही काही नाणावलेली नटी नव्हे. कंपनीत लहानसहान कामे करीत ती पुढे आली. तिची जिजाई पाहताना हे नटणे आहे याचा विसरच पडतो. ती म्हैस राखते, शेण उचलते, पोरांच्या पाठीत धपाटे घालते, आणि भजनात रंगलेल्या नवऱ्यास घरात दाणा नाही याची आठवण करून देते. मूल आजारी पडते, तेव्हा ती पायातील वहाण हातात घेऊन थेट विठोबावर चालून जाते. संतचरित्र रंगविणाऱ्याने एऱ्हवी या बाईस कजाग ठरवून मोकळे व्हावयाचे. कीर्तनकारांनी पिढ्यान्‌पिढ्या तेच केले. दामले-फत्तेलालांनी तसे केले नाही. तुकोबांची भक्ती खरी आणि जिजाईच्या पोरांची भूकही खरी, असे ते मानतात, आणि दोहोंपैकी कोणासही खोटे पाडीत नाहीत. शेवटी तुकोबा वैकुंठास निघतात. हिच्यामागे मुले आहेत, घर आहे, ती मागे राहते. चित्रपटातले चमत्कार आज जुन्या यंत्रविद्येचे वाटतात, त्यांविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. जिजाई मात्र कालच्या दुपारची वाटते. आमच्या घरातून तर वहाणेच्या प्रसंगी चक्क टाळ्या पडल्या.

'कुंकू' दुसऱ्या वर्षीचा, १९३७ सालचा, व्ही. शांताराम यांचा. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर तो आधारलेला आहे. मामाच्या कपटाने तरुण नीरा वृद्ध विधुर काकासाहेबांच्या गळ्यात बांधली जाते, आणि या लग्नास लग्न म्हणावयाचेच ती नाकारते. चित्रपटास पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे जे आवाज सहज कानी पडतील तेवढेच. नीरा गाते तीही ग्रामोफोनच्या साथीवर. शांता आपटे यांच्या मुखी लाँगफेलोची इंग्रजी कविता ऐकून आमचे काही विद्यार्थी हसतात. आम्हांस ती मुळीच हास्यास्पद वाटली नाही. ज्या मुलीस घरात कोणी बोलू देत नाही, तिने परक्या भाषेचा आधार घ्यावा यात नवल काय?

पण येथेही तेच घडते. केशवराव दाते यांनी काकासाहेबांस खलपुरुष होऊ दिलेले नाही. आरशासमोर उभे राहून आपले वय झाकू पाहणारा तो म्हातारा प्रथम किळसवाणा वाटतो, मग केविलवाणा, आणि अखेरीस आपला अन्याय स्वतःस उमगलेला एक माणूस. तो आत्महत्या करून नीरेस मोकळी करतो, तेव्हा आपली सारी सहानुभूती त्याच्याकडे वळलेली असते. आमची मुलगी यावर रागावली. "म्हणजे रडायचं ते त्यांच्यासाठीच ना, बाबा?" असे तिने आम्हांस विचारले. जिजाईच्या बाबतीत जो न्याय उदार वाटला, तोच येथे महाग पडतो, हे तिचे म्हणणे आम्हांस खोडता आले नाही. तथापि काकासाहेब निव्वळ राक्षस असते, तर नीरेचा झगडा फार सोपा झाला असता, हेही आम्हांस सोडवत नाही.

या वादात आम्ही तटस्थ नाही. आमची आजी बिजवरास दिलेली होती. आजोबा तिच्याहून वीस वर्षांनी मोठे. तिने हे दोन्ही चित्रपट नवे असताना पाहिले होते. जिजाईची वहाण ती आम्हांस शंभर वेळा साभिनय सांगे, आणि सांगताना तिच्या अंगात जणू वारे शिरे. 'कुंकू'विषयी विचारले, तर "गाणी बरी होती," एवढेच म्हणून ती उठून कामास लागे. हा चित्रपट तिला दाखविला तो आजोबांनीच, असे वडील सांगत. त्या काळी चित्रपटगृहांत स्त्रियांची बसण्याची सोय पुष्कळदा वेगळी असे. तेव्हा पडद्यावर काकासाहेब आरशापुढे उभे असताना आजी एका बाजूस बसली होती, आजोबा दुसऱ्या. आणि अंधारात दोघांचीही तोंडे एकमेकांस दिसत नव्हती.