वैशाखातली मोजणी

‘‘तळं राखील तो पाणी चाखीलच ना, बाई!’’ ग्रामसभेत मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसले. घरी आल्यावर मात्र ती म्हण काही केल्या मनातून जाईना.

वर्गात मी हिचा अर्थ कितीदा सांगितला आहे: ज्याच्या हाती कारभार, तो थोडाफार लाभ उठवणारच. मुलं लिहून घेतात, परीक्षेत दोन गुण मिळतात. पण परवा रात्री पहिल्यांदाच लक्षात आलं की म्हणीत ‘पिईल’ नाही, ‘चाखील’ आहे. आई भाजीचा रस पळीने तळहातावर घ्यायची, जिभेला लावायची आणि मीठ टाकायचं की नाही ते ठरवायची. ते चाखणं. त्याने कुणाचं पोट भरत नाही. आणि चाखण्याआधी राखणं येतं. शेत राखतात, गुरं राखतात, शब्दही राखतात. त्या प्रत्येक राखण्यात रात्रीचं जागरण असतं. मग ही म्हण लबाडीला सूट देणारी कधी झाली? की आधीपासून तशीच होती आणि मीच आता तिच्यात हवं ते शोधते आहे?

आमच्या भंडारा-गोंदियाकडे तळं राखणं ही बोलण्यापुरती गोष्ट नव्हती. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी इथे हजारो तलाव बांधले. माजी मालगुजारी तलाव म्हणून त्यांना मामा तलाव म्हणतात. मातीची पाळ, जास्तीचं पाणी निघून जायला सलंग आणि धानाला पाणी सोडायला तुडुम. तुडुमाला खालपासून वरपर्यंत भोकं असतात, त्यांत लाकडी गुडद्या ठोकलेल्या. पाणी उतरेल तशी वरून एकेक गुडदी काढत जायची.

आमच्या तलावाच्या तुडुमावर एक म्हातारे बाबा असत. भरल्या पाण्यात उतरत, श्वास रोखून बुडी मारत आणि गुडदी घेऊनच वर येत. तिला चिंध्या गुंडाळलेल्या, त्या शेवाळाने हिरव्यागार झालेल्या. मग पाळीवरून पलीकडे जाऊन पाटात आलेलं पहिलं पाणी ओंजळीत घेत, एक घोट तोंडात फिरवत आणि थुंकून टाकत. गाळ लागला तर ती गुडदी परत ठोकायची, वरची काढायची. ओंजळीतलं उरलेलं पाणी पाटात सोडून देत. धान निघालं की घरोघरून त्यांना पायलीच्या मापाने धान जाई. त्यांची स्वतःची धानाची बांधी होती कुठे, तर पाटाच्या अगदी शेवटाला. तिथवर पाणी पोचलं म्हणजे सगळ्यांना पोचलं, असं माझे वडील सांगत. बाबांनी ती बांधी स्वतःहून शेवटाची घेतली होती की त्यांना तेवढीच मिळाली होती, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारायला कुणी उरलं नाही. या एका प्रश्नावर सगळा अर्थ फिरतो असं मला वाटतं, आणि नेमका तोच हातचा गेला.

१९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले. तुडुमाच्या जागी लोखंडी दार आलं. तेव्हापासून राखणारा कोण, ते नीट सांगता येत नाही. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम मी वाचून काढले. त्यांतून सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले आहेत. म्हणजे ज्या कामासाठी कोहळ्यांनी पाळ घातली, त्याच कामामुळे आमच्या तलावाला ते नियम लागू होत नाहीत. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावतळ्यांवरची अतिक्रमणं काढायला राज्यांना सांगितलं होतं; पण आमच्या तलावाकाठी ज्या शेतात प्लॉटांचा लेआउट पडायचा आहे, ज्यासाठी ती ग्रामसभा होती, ती जमीन खाजगी आहे, सातबाऱ्यावरची. अतिक्रमण म्हणावं तर कुणाचं?

त्या सातबाऱ्यावर भावाबरोबर माझंही नाव आहे. सभेत हे मी उठून सांगितलं नाही. ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तर मागून ती म्हण आली.

भावाला मी दोष देऊ शकत नाही. धानात काय सुटतं ते मला माहीत आहे, त्याच्या मुलीच्या कॉलेजची फी किती तेही. शेत विकू नको म्हणणं महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या बहिणीला सोपं आहे. पण काल सकाळी मी बांधावर गेले. प्लॉटांच्या हद्दीचे सिमेंटचे खांब रोवलेत, मध्ये चुन्याच्या रेघा. तलावाकडच्या रांगेचा भाव जास्त. शेवटच्या खांबापासून पाणी दोनशे पावलांवर, मधल्या भेगाळलेल्या जमिनीत शिंपले. भाद्रपदात, सलंग वाहत असताना, आम्ही भावंडं त्याच खांबाच्या जागी गुडघाभर पाण्यात उभं राहून फडक्याने मासे धरायचो. तलावाचा काठ वर्षभर चालत असतो. कागदावर तो एका जागी थांबवायचा तर कुठल्या महिन्यातला धरायचा? आणि पाऊसच कमी झालाय म्हणतात, ते खरं असेल तर आठवणीतला काठ धरणारी मी चूक नाही का?

लेखी म्हणणं द्यायला ग्रामपंचायतीने पंधरा दिवस दिले आहेत, त्यातले सहा गेले. भावाने सहीचे कागद माझ्या टेबलावर ठेवले आहेत. सोबत मोजणीचा नकाशा आहे, त्यावरची तारीख वैशाखातली.