समेची जागा

मोजणे आणि रमणे या दोन क्रिया परस्परांच्या वैरी आहेत, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. चांदण्यात बसलेल्याने तारे मोजू नयेत आणि गाणे ऐकणाऱ्याने मात्रा मोजू नयेत, असे आपण मोठ्या रसिकतेने म्हणतो. मला तो समज कधीच पटलेला नाही. धुळ्याला अडतीच्या दुकानावर हिशेब लिहिणारे माझे आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी अशी सारी उतरंड एका दमात म्हणत. आणि औटकीपाशी, म्हणजे साडेतिनाच्या पाढ्यापाशी आले, की त्यांच्या आवाजाला काही निराळाच डौल येई. पुढे मी तबला ऐकू लागलो, तेव्हा हीच मंडळी वेषांतर करून मला पुन्हा भेटली. दिडीचा हिशेब लयीत शिरला की ती आड, सव्वाचा शिरला की कुआड आणि पावणेदोनाचा शिरला की बिआड! आजोबांचे पाढे पितळी डग्ग्यावर चढून नाचत होते; मग मोजता मोजता रमायला मला कसली अडचण?

उस्ताद अल्लारखाँ (१९१९–२०००) आणि त्यांचे चिरंजीव झाकीर हुसेन (१९५१–२०२४) यांचे एकत्र तबलावादन ज्यांनी ऐकले आहे, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. पंजाब घराण्याच्या या बापलेकांचे लयीचे गणित असे, की ऐकणाऱ्याची बोटे पेरांवरच अडखळावीत. तरी मन घाबरत नाही. कारण शेजारी लेहरा चालू असतो. सोळा मात्रांचे तेच आवर्तन तो निष्ठेने फिरवीत राहतो; जणू घरी कुणीतरी दिवा लावून बसले आहे. वादक कितीही दूर भटकला तरी शेवटी तोच तुकडा तीनदा वाजवून, तिहाईचा अखेरचा ठोका बरोबर समेवर टाकून घरी येतो, आणि साऱ्या मैफिलीच्या माना एकदम डोलतात.

गेल्या मे महिन्यात माझा मुलगा पुण्याहून चार दिवस जळगावास आला, तेव्हा या माझ्या सुखात त्याने एक खडा टाकला. ‘मॅथ रॉक’, म्हणजे गणिती रॉक, नावाचा एक प्रकार अमेरिकेत गेल्या शतकाच्या अखेरीस रुजला. रॉक संगीत एरवी चार मात्रांच्या चालीने बिनधोक चालते. येथे ते पाच, सात, अकरा अशा विषम मात्रांवर चालते, आणि चालता चालता पाऊलही बदलते. कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो या शहरी ‘हेला’ नावाची अशी जोडी होती: गिटारवर स्पेन्सर सीम, ड्रमवर झॅक हिल. २००२ साली त्यांचा ‘होल्ड युअर हॉर्स इज’ हा अल्बम निघाला. गायक नाही, शब्द नाहीत, केवळ दोन वाद्ये. त्यातल्या एका तुकड्याचे नाव चक्क ‘कॅफेटेरिया बनानाज’ आहे. केळीच्या या जिल्ह्यात त्याचे स्वागत व्हायला तेवढे नाते पुरेसे होते!

पण स्वागत सोपे नव्हते. वळवाच्या वादळात गोठ्याचे पत्रे उडावेत तसे ते मला प्रथम वाटले. मी नेमाप्रमाणे पेरांवर अंगठा ठेवला. सातापर्यंत पोचलो तो सुरावट पुन्हा सुरूच झाली. नवापर्यंत थांबलो तो ती पुढे निघून गेली. लेहरा नाही! घरी दिवा लावून कुणीच बसलेले नाही. दोघेही एकाच वेळी प्रवासाला निघालेले.

“बाबा,” मुलगा म्हणाला, “तुम्ही सम आधीच ठरवून बसता. ते दोघे कुठे एकत्र येतात, तेवढेच ऐका ना.”

हे तो केवळ वाजवण्याविषयी बोलला असेल. परंतु त्याच आठवड्यात त्याने पुण्यास घर घेण्याचे ठरवले होते, आणि जळगावच्या घराचे पुढे काय, हा प्रश्न आम्हा दोघांत न बोलता वावरत होता. वडिलांच्या मनात सम नेहमी ठरलेली असते: मुलाने शिकावे, भटकावे, आणि तिहाई घेऊन अंगणात यावे. मी स्वतः नोकरीसाठी धुळे सोडून जळगावास आलो. पारोळा, एरंडोल ओलांडून नव्वदेक किलोमीटरांचे ते अंतर. माझे वडील धुळ्याच्या घरातली माझी खोली वर्षानुवर्षे झाडून ठेवीत. मी मात्र सणावारी पाहुण्यासारखा जाई. त्यांचा लेहरा चालूच राहिला, आणि माझे आवर्तन इकडे जळगावात सुरू झाले.

तो अल्बम आम्ही पुन्हा लावला, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा. आता मी मोजणे सोडले नव्हते. फक्त एकाऐवजी दोघांना मोजत होतो. गिटार आपल्या हिशेबाने जाई, ड्रम आपल्या. आणि एका जागी, जी कोणत्याही पाढ्यात लिहिलेली नव्हती, दोघांचा ठोका एकदम पडला. माझी मान डोलली. शेजारी पाहिले, तर त्याचीही डोलली होती.

ठरलेल्या समेचे सुख मोठे आहे, आणि लेहऱ्यावरचे माझे प्रेम तसूभरही कमी झालेले नाही. परंतु जिथे कुणी घर राखीत बसलेले नाही, तिथेही माणसे एका ठोक्यावर येऊ शकतात. मात्र त्यासाठी दोघांनी एकमेकांकडे कान लावावा लागतो. मुलगा निघाला तेव्हा ‘परत कधी येणार?’ हा जिभेवरचा प्रश्न मी बाजूला ठेवला आणि विचारले, “पुढच्या महिन्यात आम्ही येऊ, की तू येतोस?”

“मधे नाशिकला भेटू या का?” तो म्हणाला.